वाचकांचे प्रश्न : निलगिरीची बाटली, किती थेंब आणि कुठे ठेवायची

मागच्या अंकात शेवटी एवढंच लिहिलं होतं की थंडी सुरू झालीये, घरगुती औषधांबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि जे आलं त्यात निम्म्याहून जास्त प्रश्न एकट्या निलगिरीच्या तेलाचे निघाले. म्हणून यावेळी बाकी सगळं बाजूला ठेवलंय, सुंठ आणि ज्येष्ठमध पुढच्या महिन्यात. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. इंदूरमध्येच 31 वर्षं कॉलेजात केमिस्ट्री शिकवली, त्यामुळे बाटलीत काय आहे आणि ते अंगावर, हवेत, पोटात गेल्यावर काय करतं एवढं मला नीट माहीत आहे, आणि जिथे डॉक्टरच हवा तिथे मी तसं स्पष्ट लिहिलंय.

प्रश्न : ताई, नातू 8 महिन्यांचा आहे. दिवाळीपासून सारखी सर्दी, रात्री नाक बंद होतं, दूध पिताना गुदमरतो. माझ्या सासूबाई आमच्या मुलांच्या छातीला आणि नाकाखाली निलगिरी लावायच्या, काही झालं नाही. सूनबाई म्हणते अजिबात लावू नका. कोणाचं खरं? (एक आजी, रामबाग)

उत्तर : आजी, यावेळी सूनबाईचं ऐका. तुमच्या सासूबाईंचं चुकलं असं नाही म्हणत मी, तेव्हा सगळ्या घरांत तेच चालायचं, पण 2 वर्षांच्या आतल्या बाळाला निलगिरी लावायची नाही, ना छातीला, ना नाकाखाली, ना उशीवर, ना टोपडीवर. बाळाची श्वासनळी इवलीशी असते, तीव्र वासाचं तेल नाकाशी आलं की ती एकदम आवळू शकते, म्हणजे ज्यासाठी लावलं त्याच्या बरोबर उलटं. आणि बाळ हात चोळतं, तोच हात तोंडात घालतं, डोळ्यात घालतं, मग ते रडतं आणि आपल्याला वाटतं सर्दीमुळे चिडचिड करतंय.

मी एवढं ठासून लिहिते त्याला कारण आहे. माझा भाचा तेव्हा 3 वर्षांचा होता, आम्ही सगळे मल्हारगंजात आईकडे जमलो होतो, डिसेंबरचे दिवस. फडताळात खोकल्याचं औषध आणि निलगिरी शेजारी शेजारी, दोन्ही तपकिरी काचेच्या बाटल्या, दोन्हींचं झाकण पांढरं. बहिणीने लाइट न लावता हात घातला, चमचा भरला आणि दिला. त्याने गिळल्यावर जो खोकला सुरू झाला आणि अख्ख्या खोलीत वास पसरला तेव्हा कळलं. वीस मिनिटांत पोरगं मान टाकायला लागलं, पाय लटपटायला लागले, हाक मारली तर डोळे उघडायचं आणि परत मिटायचं. शेजारच्या एक काकू मिठाचं पाणी घेऊन धावत आल्या, उलटी करवा म्हणाल्या, वडिलांनी अडवलं आणि तसंच उचलून हॉस्पिटलला नेलं. तिथे डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला, उलटी तर नाही ना करवली? कारण हे तेल इतकं पातळ आणि उडणारं आहे की उलटीबरोबर वर येताना फुफ्फुसात शिरतं, आणि तिथे गेलं की न्यूमोनियासारखं होऊन बसतं. दोन दिवस ठेवून घेतलं, पोरगं वाचलं, आज त्याला स्वतःची मुलगी आहे. पण आमच्या घरात त्या दिवसापासून निलगिरी कधीच औषधांबरोबर ठेवली जात नाही.

लहान मुलाने प्यायलं तर काय करायचं ते इथेच लिहून टाकते, म्हणजे पान शोधावं लागणार नाही. उलटी करवायची नाही, दूध, तूप, मिठाचं पाणी काही पाजायचं नाही, बाटली हातात घ्यायची म्हणजे डॉक्टरांना कळेल काय आणि किती, आणि 108 ला फोन करायचा किंवा गाडी असेल तर सरळ निघायचं. पोरगं बरं दिसतंय म्हणून थांबायचं नाही, कधीकधी लक्षणं यायला तास-दोन तासही लागतात. आणि किती प्यायलं म्हणजे धोका असं विचाराल तर लहान मुलाला एक चमचासुद्धा, त्याहून कमीसुद्धा.

आता तुमच्या नातवाचं. मेडिकलवर नाकात घालायचे सलाईनचे थेंब मिळतात, नुसतं मिठाचं शुद्ध पाणी असतं ते, दूध पाजायच्या थोडं आधी एकेक थेंब घालून बघा, बहुतेक बाळांना तेवढ्याने पिता येतं. अंगावरचं दूध थोडं थोडं पण जास्त वेळा द्या. ओव्याची पुरचुंडी करायचीच असेल तर बाळाच्या अंगाला टेकवू नका, तव्यावरची पुरचुंडी आपल्या हाताला कोमट वाटते तिथे त्याची कातडी भाजते. आणि श्वास भरभर चालतोय, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, दूध नाकारतोय असं दिसलं तर रात्रीचे किती वाजलेत ते बघायचं नाही.

प्रश्न : मॅडम, वाफारा घेताना पातेल्यात निलगिरीचे किती थेंब घालायचे? मी झाकणभर घालतो तर डोळ्यातून पाणी येतं पण नाक मोकळं होतं. (सुदामा नगर)

उत्तर : झाकणभर म्हणजे फार झालं हो. अर्धा लिटर पाण्याला 2, फार तर 3 थेंब. हे तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं आणि गरम पाण्यावर पडलं की सगळंच्या सगळं पहिल्या मिनिटात उडतं, म्हणजे तुमच्या डोळ्यांवर आणि घशावर एकदम मारा होतो आणि नंतरच्या चार मिनिटांना नुसतं गरम पाणी उरतं. त्यापेक्षा आधी 2 थेंब, दोन मिनिटांनी परत 1, असं केलं तर जास्त पुरतं.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, नाक मोकळं वाटतं आणि नाक मोकळं होतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या तेलातला मुख्य घटक सिनिओल, त्याला युकॅलिप्टॉलपण म्हणतात, तो नाकातल्या थंडी ओळखणाऱ्या नसांना चेतवतो, पुदिन्यातला मेंथॉल करतो तसंच, म्हणून हवा गार लागते आणि वाटतं की वाट उघडली. आराम खरा असतो, झोप लागते, त्याची किंमत मी कमी करत नाही. पण आतली सूज त्याने लगेच उतरत नाही, म्हणून दहा दिवस झाले, पिवळा-हिरवा शेंबूड येतोय, गालाची हाडं दुखतायत, तर वाफारे वाढवू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा.

पाणी उकळलं की गॅस बंद करायचा, पातेलं टेबलावर ठेवायचं, मांडीवर नाही, पलंगावर तर नाहीच. डोळे मिटलेले, टॉवेल सैल, पाच मिनिटं पुरे. घरात लहान मुलं असतील तर वाफाऱ्याच्या वेळी खोलीचं दार लावून घ्या, निलगिरीने जेवढी मुलं भाजत नाहीत तेवढी त्या उकळत्या पाण्याने भाजतात. दमा असेल तर आधी डॉक्टरला विचारा, काहींना या वासानेच दम लागतो.

प्रश्न : माझ्याकडच्या बाटलीवर छापलंय की हा ऋषिमुनींच्या काळापासूनचा हजारो वर्षं जुना उपाय आहे. निलगिरी पर्वत तर आपलाच, मग असेलच ना? (लोकमान्य नगर)

उत्तर : पर्वत आपला, झाड पाहुणं. दादा, हे झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं, आणि औषधी तेल ज्याच्यापासून काढतात ते युकॅलिप्टस ग्लोब्युलस तर टास्मानिया आणि त्याच्या समोरच्या किनाऱ्याचं. तिथले आदिवासी त्याचा पाला फार जुन्या काळापासून वापरत होते, तेव्हा हजारो वर्षं म्हणायचंच असेल तर ती त्यांची. आपल्याकडे 1790 च्या सुमारास बंगळूरजवळच्या नंदी टेकडीवर टिपू सुलतानाच्या बागेत काही जाती लावल्या गेल्या, आणि निलगिरीच्या डोंगरावर 1843 च्या आसपास झाड पोचलं, पुढे 1856 पासून जळणासाठी तिथे रीतसर लागवड झाली. म्हणजे उटीच्या बाजूला जळाऊ लाकूड कमी पडत होतं म्हणून आणलेलं झाड, त्याच्या पाल्याचं तेल काढायला लागले, डोंगराचं नाव तेलाला चिकटलं आणि आपल्या मराठीत झाडाचंच नाव निलगिरी होऊन बसलं. तेलाचा धंदा म्हणाल तर ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया भागात जोसेफ बोसिस्टो नावाच्या औषधविक्याने 1852 मध्ये सुरू केला.

चरक-सुश्रुतांच्या काळात हे झाड आपल्या भूमीवर नव्हतंच, मग त्यांनी त्याचं तेल कुठून काढणार? तेल त्यामुळे वाईट ठरत नाही. पण बाटलीवर पहिल्याच ओळीत खोटं छापणाऱ्याने आत काय भरलंय याची मला काळजी वाटते, म्हणून मी असली बाटली घेत नाही.

नावाचा अर्थ मात्र छान आहे. युकॅलिप्टस म्हणजे ग्रीकमध्ये नीट झाकलेलं. त्याच्या कळीवर एक टोपी असते, फूल उमलायच्या वेळी ती टोपी गळून पडते आणि आतून पांढऱ्या तुऱ्यांचा झुपका बाहेर येतो. झाडाखाली त्या टोप्यांचा सडा पडलेला असतो, कधी दिसला तर उचलून बघा.

आणि हे झाड आपल्या अगदी परक्या कुळातलंही नाही. जांभूळ, पेरू, लवंग ही त्याच घरातली भावंडं. अंगणात पेरू असेल तर एक पान तोडून उन्हासमोर धरा, बारीक बारीक पारदर्शक टिपके दिसतील, सुईने टोचल्यासारखे, त्या तेलाच्या पिशव्या. निलगिरीच्या पानात तेच टिपके जास्त दाट असतात, पान चुरगाळलं की त्या फुटतात आणि वास सुटतो. मी मुलांना लॅबमध्ये तेलाचा पाठ शिकवायच्या आधी हे करायला लावायचे, कॉलेजच्या मागच्या पेरूचं एकेक पान हातात घेऊन सगळे खिडकीपाशी उभे राहायचे, आणि मला वाटतं ते फळ्यावरच्या सूत्रापेक्षा त्यांच्या जास्त लक्षात राहिलं असेल.

प्रश्न : मावशी, मेडिकलमध्ये छोटीशी बाटली जेवढ्याला मिळते तेवढ्यात सियागंजच्या बाजारात त्याच्या चौपट तेल मिळालं. दुकानदार म्हणाला एकदम असली है. घरी कसं ओळखायचं? (परदेशीपुरा)

उत्तर : बेटा, घरी पूर्ण ओळखता येत नाही, पण ढोबळ भेसळ पकडता येते. साधा कोरा पांढरा कागद घे, त्यावर एक थेंब टाक, पंख्याखाली नको, तसाच ठेव. खरं निलगिरीचं तेल काही तासांत उडून जातं आणि कागदावर जवळजवळ काही राहत नाही. उजेडासमोर धरल्यावर भज्यांच्या कागदासारखा तेलकट डाग दिसला तर त्यात खाण्याचं नाहीतर दुसरं कुठलं तरी जड तेल मिसळलंय. शेजारी खोबरेल तेलाचा एक थेंब टाकून ठेव म्हणजे फरक लगेच कळतो.

पण टर्पेंटाइन मिसळलं असेल तर ही परीक्षा फसते, कारण तेही उडतंच. तिथे नाक वापरायचं. कागदाचा वास लगेच घे, मग अर्ध्या तासाने घे. निलगिरीचा वास शेवटपर्यंत गार आणि कापराच्या अंगाचा राहतो, टर्पेंटाइन असलं तर मागून रंगाच्या डब्यासारखा वास यायला लागतो. लॅबमध्ये आम्ही 1 मिली तेलात 70 टक्क्यांचं अल्कोहोल 5 मिली घालायचो, चांगलं औषधी तेल त्यात स्वच्छ विरघळतं, टर्पेंटाइनवालं गढूळ होतं. एका वर्षी मुलांनी आपापल्या घरच्या बाटल्या आणल्या होत्या आणि टेस्ट ट्यूबच्या स्टँडमध्ये रांगेने लावल्यावर तीन नळ्या ताकासारख्या पांढुरक्या झाल्या, त्यातली एक माझ्या घरची होती, बाजारातून सुटं आणलेलं तेल. त्यानंतर मी सुटं घेणं बंद केलं.

घेताना लेबलवर सिनिओल किती टक्के ते लिहिलंय का बघ. औषधी दर्जाच्या तेलात ते निदान 70 टक्के असावं लागतं. बॅच नंबर, तारीख, बनवणाऱ्याचा पत्ता. स्वस्त तेल फरशी पुसायला वापर, अंगाला लावू नको.

प्रश्न : आमच्या सांवेरच्या शेताच्या बांधावर सफेद्याची, म्हणजे निलगिरीचीच, झाडं आहेत. त्याच्या पाल्याचं तेल घरी काढता येईल का?

उत्तर : आपल्या माळव्यात बांधावर, रस्त्याकडेला दिसतो तो सफेदा बहुतेक वेगळ्या जातीचा, लाकडासाठी लावलेला, त्याच्या तेलात सिनिओल कमी आणि तेलही कमी. निलगिरीच्या डोंगरावरचा चांगला पाला घेतला तरी 100 किलोतून साधारण 1 ते दीड किलो तेल मिळतं, त्यासाठी मोठी भट्टी, वाफ, थंड पाण्याची नळी सगळं लागतं. प्रेशर कुकरला नळी जोडून प्रयोग करू नका, हे तेल 50 अंशांच्या आसपास तापलं की त्याच्या वाफेला ठिणगी पुरते आणि खाली गॅस पेटलेला असतो. पाला हवा तर चुरगाळून वास घ्या, सुकवून धान्याच्या कोठीत घाला.

प्रश्न : बत्ताशावर निलगिरीचे 2-3 थेंब टाकून खायचे, कफ मोकळा होतो, आमच्याकडे आजोबांपासून चालत आलंय. एका मित्राने सांगितलं की जर्मनीत तर डॉक्टरच हे तेल गिळायला देतात. मग आपणच का घाबरायचं? (तिलक नगर)

उत्तर : मित्राने सांगितलं ते अर्धं बरोबर आहे. जर्मनीत सायनस आणि ब्रॉन्कायटिससाठी शुद्ध केलेल्या सिनिओलच्या कॅप्सूल मिळतात, 100 किंवा 200 मिलिग्रॅमच्या, वरचं आवरण असं की पोटात न विरघळता पुढे आतड्यात विरघळावं. मोजून दिलेलं औषध आहे ते, वय बघून दिलेलं. आता आपला हिशेब करा. एक चमचा तेल म्हणजे 5 मिली, वजनाने साडेचार ग्रॅमच्या वर, त्यात 70 टक्के सिनिओल धरलं तरी 3 ग्रॅमच्या पुढे गेलं, म्हणजे 200 च्या पंधरा-सोळा कॅप्सूल एका दमात, तेही सुटं, घशापासून पोटापर्यंत आग करत जाणारं. तुम्ही चमचा नाही, थेंब घेता हे मला कळलं, पण बाटली तिरकी झाली की थेंबाची धार व्हायला वेळ लागत नाही आणि सर्दीने बेजार झालेला माणूस तीनाचे सहा आपणहून करतो. आणि बत्तासा म्हटलं की मुलं मागतात. आजोबांना बघून नातवाने स्वतः हातावर घेतलेला बत्तासा, यातूनच अपघात होतात.

कफासाठी गरम पाणी, मध, आल्याचा रस, अडुळसा यात काय कमी आहे? बत्ताशावर निलगिरी बंद करा, माझी हात जोडून विनंती आहे.

प्रश्न : मिस्टरांना मिरगीचा, म्हणजे फिट येण्याचा, त्रास आहे, गोळ्या चालू आहेत, तीन वर्षं झटका नव्हता. यंदा थंडीत सर्दी झाली म्हणून रोज रात्री कपाळाला, छातीला बाम आणि निलगिरी चोळत होते आणि आठव्या दिवशी झटका आला. डॉक्टरांना बाम लावल्याचं सांगितलंच नाही, ते काय सांगायचं असं वाटलं. संबंध असू शकतो का?

उत्तर : असू शकतो, आणि ताई, उद्याच्या उद्या जाऊन डॉक्टरांना सांगा, लाजू नका. यासाठीच मला हा अंक करावासा वाटला. निलगिरी आणि कापूर, दोन्ही मेंदूला उत्तेजित करणाऱ्या गोष्टी आहेत. आपल्याच देशातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी अशा रुग्णांच्या नोंदी ठेवून प्रसिद्ध केल्यात, ज्यांना ही तेलं किंवा त्यांचे बाम नुसते चोळून, हुंगून फिट आली, काहींना आधी कधीच आली नव्हती. प्रत्येकाला येते असं नाही, लाखो लोक बाम लावतात आणि काही होत नाही. पण ज्याला मिरगी आहे त्याच्यासाठी ही जोखीम उगाच का घ्यायची? तुमच्या मिस्टरांचा झटका त्यानेच आला की झोप कमी झाल्याने, की गोळी चुकल्याने, ते मी सांगू शकत नाही, डॉक्टरच सगळं विचारून ठरवतील, पण त्यांच्यापुढे ही माहिती असायला हवी ना.

तोपर्यंत बाम, निलगिरी, कापराच्या वड्या, उशाखालची कापराची पुडी, सगळं त्यांच्या खोलीबाहेर. आणि गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, हेही लिहून ठेवते कारण कोणीतरी नक्की म्हणेल की बामामुळे आली होती म्हणजे आता गोळ्यांची गरज नाही. परत झटका आला तर कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा, 5 मिनिटांच्या वर गेला तर 108.

प्रश्न : गुडघे दुखतात. तिळाच्या तेलात निलगिरी मिसळून लावलं तर चालेल का, प्रमाण काय? (वय 67, स्नेहलतागंज)

उत्तर : चालेल की. हा या तेलाचा मला सगळ्यात आवडणारा उपयोग. 30 मिली तिळाच्या तेलात 12 थेंब, म्हणजे साधारण 2 टक्के, त्याहून जास्त नको. तिळाचं तेल आधी कोमट करून गॅसवरून उतरवा, मग थेंब घाला, नाहीतर सगळं उडून जाईल आणि घरभर वास, गुडघ्याला काही नाही. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब चोळून एक दिवस थांबा, लाल झालं, खाज आली तर तुमच्या कातडीला ते मानवत नाही. लावल्यावर वरून शेकाची पिशवी किंवा घट्ट क्रेप बँडेज नको, तेलाची जळजळ आणि शेक एकत्र झाला की फोड येतात.

याने झीज भरून येत नाही हे तुम्हालाही ठाऊक असेल. कातडीला गार मग गरम वाटतं आणि ठणक तेवढा वेळ मागे पडतो, आणि दहा मिनिटं कोणी आपल्या गुडघ्यांना हात लावून बसतं त्याचंही बरं वाटतंच. व्यायाम सोडू नका.

प्रश्न : रंगपंचमीच्या गेरनंतर, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीनंतर, चेहऱ्याचा पक्का रंग निलगिरीने निघतो असं ऐकलं, खरंय का भिया?

उत्तर : भिया नाही, मावशी. रंग थोडा निघेल, कातडीही निघेल. निलगिरी डाग सोडवते हे खरं, बरणीवरच्या लेबलाचा चिकटा, कपड्यावरचं च्युइंगम, चपलेला लागलेलं डांबर याला उत्तम, कापडाच्या कोपऱ्यावर आधी बघून घ्यायचं. चेहऱ्याला मात्र गेरला जायच्या आधीच खोबरेल तेल चोपडून जायचं आणि आल्यावर परत खोबरेल लावून पुसायचं.

प्रश्न : डेंग्यूच्या डासांसाठी मुलीच्या हातापायाला निलगिरी लावून शाळेत पाठवते. ती 6 वर्षांची आहे. बरोबर ना?

उत्तर : नुसत्या निलगिरीवर भरवसा ठेवू नका. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि हे तेल तासाभरात उडून जातं, म्हणजे शाळेच्या पहिल्या दोन पिरियडनंतर पोरीच्या अंगावर काहीच उरत नाही. ज्याचं नाव ऐकलं असेल ते लेमन युकॅलिप्टस, ते वेगळं झाड, त्याच्या पाल्याला लिंबाचा वास येतो, आणि त्यापासून तयार केलेल्या पीएमडी नावाच्या द्रव्याने डास खरोखर काही तास लांब राहतात, तपासून सिद्ध झालंय ते. पण ते 3 वर्षांखालच्या मुलांना लावायचं नाही, आणि लिंबाच्या वासाची साधी निलगिरी म्हणजे तेच असंही नाही, बाटलीवर पीएमडी लिहिलेलं हवं. बाकी पूर्ण बाह्यांचा शर्ट, लेगिंग, आणि कूलरचं पाणी आठवड्यातून एकदा रिकामं करून घासणं. कूलर नुसता रिकामा करून चालत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात.

प्रश्न : डिफ्युझरमध्ये रोज घालते. घरात मांजर आहे. (विजय नगर)

उत्तर : मांजर असेल त्या खोलीत नको. मांजराच्या लिव्हरला ही तेलं नीट पचवता येत नाहीत, आणि हवेतले कण तिच्या केसांवर बसतात, ती चाटते. लाळ गळणं, थरथरणं दिसलं तर जनावरांच्या डॉक्टरकडे. माणसांसाठीसुद्धा दिवसभर नको, अर्धा तास, खिडकी उघडी.

प्रश्न : निलगिरीच्या बाटलीचा ड्रॉपर दर वेळी चिकट होऊन वितळतो. तेल खराब आहे का? आणि बाटली किती दिवस टिकते?

उत्तर : तेल खराब नाही, ते आपलं काम करतंय. सिनिओल आणि त्याच्याबरोबरची द्रव्यं रबर आणि काही प्लास्टिकं फुगवतात, विरघळवतात. ड्रॉपरचं रबरी टोक आधी जाड होतं, मग बोटाला चिकटतं, मग त्यातून काळसर पाणी बाटलीत उतरतं, आणि तेच तेल आपण पुढे अंगाला लावतो. आमच्याकडे एका गणपतीत मखराच्या मागे बाटली कलंडली होती, सकाळी थर्माकोलच्या कमानीला मुठीएवढा खड्डा पडलेला, कडा साखरेच्या पाकासारख्या ओघळून वाळलेल्या. म्हणून ड्रॉपर बाटलीतच खोचून ठेवायचा नाही. काचेची गडद बाटली, घट्ट झाकण, आणि थेंब पाडायचं छोटं भोक असलेली बाटली मिळाली तर तीच घ्या, लहान मुलाने बाटली उलटी धरली तरी धार लागत नाही.

उघडल्यापासून वर्षभर, फार तर दीड वर्ष. हवा लागून तेल बदलतं, वास आंबूस-उग्र होतो, हाताला किंचित घट्ट लागतं, आणि असं जुनं तेल कातडीला जास्त झोंबतं. देवघरातल्या निरांजनाजवळ, गॅसच्या कट्ट्यावर, खिडकीत उन्हात ठेवू नका. मी उघडल्याची तारीख मार्करने बाटलीच्या तळाला लिहिते, लेबलवर लिहिलं तर तेल ओघळून पुसलं जातं, आणि बाटली कपड्यांच्या कपाटात सगळ्यात वरच्या खणात, उजव्या कोपऱ्यात असते. भाचा घरी आला की त्याच्या मुलीला तो खण उघडता येतो का ते आधी बघतो.